आकाशांत गेलेले चौघे

पहिल्या महायुद्धांतील विमानांच्या कथा म्हटल्या म्हणजे सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढें प्रथम उभा राहतो तो जर्मन सरदार रिश्टहोफेन आणि त्याचें तांबडें विमान. त्याच्यावर पुस्तकें निघालीं, चित्रपट निघाले, आणि आमच्या घरांतील शाळकरी मुलांसही त्याचें नांव ठाऊक आहे. परंतु त्याच आकाशांत, १९१७ व १९१८ या दोन सालांत, चार हिंदी तरुण ब्रिटिश हवाई दळाचे अधिकारी म्हणून लढत होते, व त्यांपैकीं एक आमच्या मुंबईचा, मराठी आडनांवाचा होता, ही गोष्ट आम्हीं घरांत सांगितली तेव्हां आमच्या पुतण्यानें ती सरळ खोटी ठरविली. विमानांचीं चित्रें जमविण्यांत तो पटाईत असल्यामुळें या विषयांतला अधिकार आपणांकडे आहे असें त्यास वाटतें. त्याचा दोष नाहीं. त्याच्या शाळेच्या पुस्तकांत हीं नांवें नाहींत, आणि आमच्या शाळेच्या पुस्तकांतही नव्हतीं.

या विस्मृतीचें कारण शोधण्यास फार दूर जावयास नको. इंग्रजांच्या दृष्टीनें हे चौघे म्हणजे हजारों वैमानिकांतील चार अपवाद. आणि आमच्या दृष्टीनें ते लढले तें परक्या निशाणाखालीं. स्वातंत्र्याचा इतिहास लिहिणारांस यांचें काय करावें हें उमगलें नाहीं, व साम्राज्याचा इतिहास लिहिणारांस यांची गरज भासली नाहीं. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, अशी यांची गत झाली. आम्हांस स्वतःला या चौघांविषयीं जें कुतूहल वाटतें त्यांत साम्राज्याच्या प्रेमाचा अंश नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें. कारण आमच्या घरांतही या विषयावर एकमत नाहीं.

हवाई दळांत शिरणें हीच हिंदी तरुणाची पहिली लढाई होती. त्या युद्धांत लाखों हिंदी शिपाई समुद्रापलीकडे गेले. परंतु शिपाई होणें वेगळें आणि अधिकारी होणें वेगळें. हिंदी माणूस फार तर जमादार किंवा सुभेदार व्हावयाचा, आणि केस पिकलेल्या सुभेदारानें नुकत्याच मिसरूड फुटलेल्या इंग्रज लेफ्टनंटास सलाम करावयाचा, हा शिरस्ता. राजाच्या सहीची सनद मिळण्यास उमेदवार शुद्ध युरोपियन वंशाचा पाहिजे, असा दंडकच होता. हिंदी सैन्याच्या लढाऊ पलटणींत ती सनद पहिल्यानें नऊ हिंदी गृहस्थांस मिळाली ती १९१७ च्या ऑगस्टांत. हा प्रश्न केवळ मानपानाचा नव्हता. लोकमान्यांनीं १९१८ सालीं गांधीजींस कळविलें कीं, हिंदी लोकांस सैन्यांत अधिकाराच्या जागा मिळतील असें वचन सरकारकडून मिळवा, म्हणजे महाराष्ट्रांतून पांच हजार माणसें देतों. आणि शब्द खरा न झाल्यास दंड म्हणून पन्नास हजारांचा चेकही त्यांनीं पाठवून दिला. गांधीजींनीं तो परत केला. त्याच सालीं १० जूनला मुंबईच्या टाऊन हॉलांत गव्हर्नर विलिंग्डनसाहेबांनीं युद्धसभा भरविली, तेथें स्वराज्याचा विषय काढतांच लोकमान्यांस बोलूं दिलें नाहीं, व ते सभा सोडून निघून गेले. ही तारीख वाचकांनीं लक्षांत ठेवावी.

असें असतां हे चौघे आंत शिरले कसे? चौघेही त्या वेळीं विलायतेंतच शिकत किंवा राहत होते, आणि हवाई दळास माणसांचा तुटवडा पडला होता. १९१७ च्या वसंतांत ब्रिटिश वैमानिक इतक्या वेगानें मरूं लागले कीं, एप्रिल महिन्यास त्यांनीं ‘रक्ताळलेला एप्रिल’ असेंच नांव ठेविलें. गरज लागली म्हणजे दंडक सैल होतात, हा अनुभव सरकारी कचेऱ्यांशीं संबंध आलेल्या प्रत्येकास आहे.

हरदितसिंग मलिक यांची हकीकत यांत सर्वांत मनोरंजक आहे. रावळपिंडीच्या सुखवस्तु शीख घराण्यांतला हा मुलगा चौदाव्या वर्षीं विलायतेंत शिकावयास गेला, ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजांत राहिला, ससेक्स परगण्याच्या संघांतून क्रिकेट खेळला, गोल्फांत नांव मिळविलें. युद्ध सुरू होतांच त्याचे इंग्रज सोबती भराभर भरती झाले. यानें अर्ज केला तर नकार. तेव्हां तो फ्रान्सच्या रेडक्रॉसमध्यें रुग्णवाहिका हांकावयास गेला, व तेथून फ्रेंच हवाई दळांत घ्याल का म्हणून विचारलें. फ्रेंचांनीं होकार दिला. हें त्यानें ऑक्सफर्डच्या आपल्या गुरूंस, अर्कहार्ट यांस, पत्रानें कळविलें. गुरुजी संतापले. ब्रिटिश प्रजाजन फ्रेंचांस चालतो आणि आपणांस चालत नाहीं, ही लाजिरवाणी गोष्ट आहे, अशा अर्थाचें पत्र त्यांनीं हवाई दळाचे मुख्य जनरल हेंडरसन यांस लिहिलें. आणि १९१७ च्या एप्रिलांत मलिक यांस सनद मिळाली. शिष्यासाठीं असें भांडणारे गुरु कोणत्याही देशांत दुर्मिळच.

पुढचा प्रश्न पगडीचा. धर्माप्रमाणें मलिक केस राखीत व पगडी बांधीत, आणि ती उतरविण्यास त्यांनीं साफ नकार दिला. शेवटीं पगडीवरून बसेल असें मोठें शिरस्त्राण मुद्दाम तयार करवून घेण्यांत आलें. तें घालून विमानांत बसलेल्या त्यांच्या आकृतीस सोबत्यांनीं ‘उडता भुताळ्या’ अशासारखें नांव ठेविलें होतें. तें थट्टेचें होतें, दुष्टपणाचें नव्हतें, असें दिसतें.

त्या सालच्या ऑक्टोबरांत मलिक अठ्ठाविसाव्या स्क्वाड्रनबरोबर फ्लँडर्सांत आले. त्यांचा नायक बार्कर नांवाचा कॅनेडियन होता; पुढें त्यास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २६ ऑक्टोबरला, हवा वाईट असतांना, बार्कर यांच्याबरोबर ते शत्रूच्या मुलुखावर गेले. तेथें जर्मन विमानांचा घोळका अंगावर आला. मलिक यांच्या उजव्या पायांत गोळी शिरली, विमान खालीं खालीं येऊं लागलें, व पाठलाग करणारीं विमानें मागून गोळ्या झाडीतच राहिलीं. कसेंबसें आपल्या बाजूस येऊन विमान आदळलें, आणि मलिक जिवंत निघाले. विमानास गोळ्यांचीं छिद्रें मोजलीं तीं चारशेंच्यावर भरलीं! ज्याच्या नांवाची गोळी नाहीं त्यास ती लागत नाहीं, असा भाव त्या दिवसापासून आपल्या मनांत ठसला, असें त्यांनीं म्हातारपणीं सांगितलें आहे. पायांतल्या गोळ्या मात्र राहिल्या त्या राहिल्याच.

बरा झालेला हा शूर गडी पुढें ज्या शत्रूपुढें हरला तो मात्र आपल्या प्रत्येकाच्या घरीं फळीवर उभा आहे. तो म्हणजे एरंडेल. यांत विनोद नाहीं. कॅमल नांवाच्या ज्या विमानांत मलिक बसत, त्याच्या इंजिनाची रचना आजच्या मोटारीसारखी नव्हती. त्यांत पंख्याबरोबर सगळें इंजिनच गरगर फिरत असे. अशा फिरत्या इंजिनास वंगण असें पाहिजे कीं जें पेट्रोलांत विरघळणार नाहीं व उष्णतेनें पातळ होऊन जाणार नाहीं. आणि तसें वंगण एरंडेलासारखें दुसरें नव्हतें. हें तेल एकदां वापरलें म्हणजे पुन्हां टांकींत येत नसे. तें जळक्या धुरांतून तुषारांच्या रूपानें बाहेर फेंकलें जाई, आणि वैमानिकाच्या तोंडावर, चष्म्यावर, नाकांत व पोटांत जाऊन बसे. पोटांत गेलेलें एरंडेल काय करतें हें आमच्या वाचकांस समजावून सांगण्याचें कारण नाहीं. दर रविवारीं सकाळीं नाक दाबून तें घेतलेली एक सबंध पिढी होऊन गेली आहे. पश्चिमेकडील त्या शूर वीरांच्या चरित्रांत ही गोष्ट सहसा सांगत नाहींत. मलिक यांच्या प्रकृतीस तें तेल मुळींच मानवेना. इटलीच्या रणभूमीवर गेल्यावर ते इतके आजारी पडूं लागले कीं, त्यांस विलायतेस परत धाडावें लागलें, आणि पुढें दुसऱ्या जातीच्या विमानावर नेमावें लागलें.

हें एरंडेल येत होतें कोठून? त्याचा मोठा हिस्सा हिंदुस्थानांतून. आपल्या इकडील रानांतला एरंड पोत्यांत भरून मुंबईच्या बंदरांतून युरोपास जाई. युद्धांत त्याची मागणी इतकी वाढली कीं, अमेरिकेनें युद्धांत उडी घेतल्यावर आशियांतून बीं नेऊन आपल्याकडे एरंडाचीं शेतें लावविलीं. फ्रान्सच्या आकाशांत उडणाऱ्या त्या विमानांच्या मागें जो निळसर धूर राही, त्यांत आमच्या शेतकऱ्याचाही थोडा वास होता, असें म्हणावयास हरकत नाहीं.

चौघांपैकीं एरॉल चंदर सेन यांच्याविषयीं सांगण्यासारखें थोडें आहे. कलकत्त्याचे हे तरुण इंग्लंडांत रॉसल येथील शाळेंत शिकले, सत्तराव्या स्क्वाड्रनमध्यें कॅमल विमानावर रुजू झाले, आणि १४ सप्टेंबर १९१७ रोजीं शत्रूच्या हद्दींत खालीं पडून जर्मनांच्या हातीं सांपडले. युद्धाचा उरलेला काळ त्यांनीं कैदेंत काढला. विमान चालविण्यास शिकावें, रणांगणावर थोडे दिवस राहावें, आणि मग वर्षभर तारेच्या कुंपणाआडून आकाश पाहावें, असा योग त्यांच्या वांट्यास आला.

इंद्रलाल रॉय यांचें नांव त्या मानानें अधिक ऐकण्यांत येतें. त्यांचे वडील प्यारीलाल रॉय कलकत्त्याचे बॅरिस्टर. आई ललिताबाई मुलांच्या शिक्षणासाठीं मुलांना घेऊन लंडनांत बिऱ्हाड करून राहिल्या होत्या. या बाई स्वतःही लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. स्त्रियांस मताचा हक्क मिळावा म्हणून १९११ च्या जूनमध्यें लंडनांत जी प्रचंड मिरवणूक निघाली, तींतील हिंदी स्त्रियांच्या पथकाची जुळवाजुळव करण्यांत त्यांचा हात होता. व त्या मिरवणुकींत त्या साड्या नेसून चालल्या. अशा आईच्या हाताखालीं वाढलेला हा मुलगा सेंट पॉल्सच्या शाळेंतून सरळ हवाई दळाकडे धांवला. डोळ्यांच्या परीक्षेंत तो प्रथम नापास झाला. तेव्हां आपली मोटारसायकल विकून एका नामांकित नेत्रवैद्याकडून पुन्हां तपासणी करवून घेतली व तिच्या बळावर तो आंत शिरला, असें सांगतात. त्याच्याविषयीं आणखीही एक कथा प्रसिद्ध आहे. विमान कोसळून तो बेशुद्ध पडला, डॉक्टरांनीं मेला म्हणून प्रेतांच्या खोलींत टाकला, आणि रात्रीं शुद्धीवर येऊन त्यानें आंतून दार बडवावयास सुरुवात केली, अशी ती कथा. आमचा तिच्यावर फारसा भर नाहीं. अशा कथा शूर माणसांच्या मागें आपोआप गोळा होतात. परंतु १९१७ च्या डिसेंबरांत त्याच्या विमानास अपघात झाला, तो बरेच महिने उड्डाणाबाहेर राहिला, व त्या सक्तीच्या विश्रांतींत त्यानें विमानांचीं पुष्कळ चित्रें काढलीं, इतकें खरें. त्यांतील कांहीं आजही जपलेलीं आहेत. पेन्सिलीच्या रेघा मोठ्या ठाम आहेत.

१९१८ च्या जूनमध्यें तो चाळिसाव्या स्क्वाड्रनमध्यें परत आला आणि मग जें झालें तें अजब आहे. जुलैच्या ६ तारखेपासून १९ तारखेपर्यंत, म्हणजे पुरते चवदा दिवसही नव्हेत, एवढ्या अवधींत या एकोणीस वर्षांच्या मुलानें शत्रूचीं दहा विमानें पाडलीं. त्यांतील दोन सोबत्यांच्या भागीदारींत. पांच विमानें पाडणारा त्या काळीं नामांकित वैमानिकांच्या यादींत जाई. २२ जुलैला सकाळीं कार्व्हें गांवावर जर्मन विमानांशीं झुंज जुंपली, त्याचें विमान पेटलें व तो गेला. हिंदुस्थानांत त्या वेळीं आषाढी पौर्णिमा एकदोन दिवसांवर आली होती. सप्टेंबरांत त्याच्या नांवें ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ जाहीर झाला. हें पदक मिळविणारा तो पहिला हिंदी. हिंदी टपालखात्यानें १९९८ सालीं, त्याच्या जन्माला शंभर वर्षें झालीं तेव्हां, त्याचें तिकीट काढलें. कलकत्त्यांत भवानीपुरांतील एका रस्त्यासही त्याचें नांव आहे.

याच्या नात्यांतलाच एक मुलगा, सुब्रत मुकर्जी, पुढें आकाशांत गेला. हिंदी वायुदल १९३२ च्या ऑक्टोबरांत कायद्यानें स्थापन झालें, आणि १ एप्रिल १९३३ रोजीं कराचीस त्याचें पहिलें स्क्वाड्रन उभें राहिलें. जवळ चार वापिटी विमानें व पांच हिंदी वैमानिक, त्या पांचांत सुब्रत एक. तेच १९५४ सालीं आमच्या वायुदलाचे पहिले हिंदी सेनापति झाले. त्यांच्या पत्नी शारदाबाई या पंडितांच्या मराठी घराण्यांतल्या; पुढें त्या आंध्र व गुजराथ येथें राज्यपाल होत्या.

पहिल्या युद्धांत चौघांस जें उसन्या पलटणींत बसून करावें लागलें, तें दुसऱ्या युद्धांत हिंदी वैमानिकांनीं आपल्या स्क्वाड्रनमध्यें बसून केलें, हा फरक लहान नाहीं. १९४२ च्या जानेवारीअखेर या पहिल्या स्क्वाड्रनचा नायक करुण कृष्ण मजुमदार आपलीं लायसँडर विमानें घेऊन ब्रह्मदेशांत टाँगू येथें उतरला. काँग्रेसचे पहिले अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी यांचा हा दौहित्र. लायसँडर हें मंदगति विमान. सैन्यासाठीं टेहळणी करावयाची व निरोप पोंचवावयाचे, एवढेंच त्याचें काम. उतरल्या रात्रींच जपान्यांनीं टाँगूवर बाँब टाकले. मजुमदारानें आपल्या कारागिरांकडून एका लायसँडरला अडीचशें अडीचशें पौंडांचे दोन बाँब अडकवून घेतले, आणि दुसऱ्या दिवशीं एकटाच सयामच्या हद्दींतील माए हाँग सॉन येथील जपानी विमानतळावर चालून गेला. त्याचें हें एकट्याचें साहस पाहून तेथील न्यूझीलंडच्या दोघां वैमानिकांनीं आपलीं बफेलो विमानें त्याच्या रक्षणासाठीं बरोबर काढलीं. मजुमदार बाँब टाकून सुखरूप परत आला व दुसऱ्या दिवशीं सगळें स्क्वाड्रनच घेऊन गेला. युद्धभर असा जीव तळहातावर घेऊन फिरलेला हा माणूस १९४५ च्या फेब्रुवारींत लाहोरास विमानाच्या कसरती दाखवितांना पडून मेला. दैवाचा हा हिशेब आम्हांस कधीं उलगडला नाहीं. आमच्या मुंबईचे हृषिकेश मुळगांवकर याच युद्धाच्या काळांत, १९४० सालीं, वायुदलांत शिरले व १९७६ मध्यें त्याचे सेनापति झाले, हें येथें नमूद करून आम्ही पुन्हां मागें वळतों.

कारण चौथे, श्रीकृष्ण वेलिणकर, यांना आम्हीं मुद्दामच मागें ठेविलें आहे. मुंबईचा हा तरुण केंब्रिजच्या जीझस कॉलेजांत शिकत होता. पंचविशी न गांठलेलाच. १९१७ सालीं हवाई दळांत शिरून तो तेविसाव्या स्क्वाड्रनमध्यें डॉल्फिन नांवाच्या विमानावर नेमला गेला. हें विमान नवें होतें. त्यांत वैमानिकाचें डोकें वरच्या पंखाच्याही वर निघे. त्यामुळें चोहोंकडचें आकाश चांगलें दिसे खरें, परंतु उतरतांना विमान उलटलें तर पहिला मार डोक्यावरच बसावयाचा. आणि वैमानिकाजवळ हवाई छत्री नसे. ब्रिटिशांच्या निरीक्षण-फुग्यांत बसणारांस छत्री मिळे. १९१८ सालीं जर्मन वैमानिकही छत्री वापरूं लागले. परंतु ब्रिटिश वैमानिकांस ती युद्ध संपेपर्यंत देण्यांत आली नाहीं. असें कां, याचीं कारणें वरिष्ठांनीं नानाविध सांगितलीं आहेत. तीं वाचून आमचें समाधान झालें नाहीं.

लोकमान्य टाऊन हॉलांतून उठून गेले त्याला सतराच दिवस झाले होते. २७ जून १९१८ रोजीं वेलिणकर गस्तीवर गेले ते परत आले नाहींत. ते जखमी होऊन जर्मनांच्या हातीं पडले होते, व ३० जूनला त्यांच्या कैदेंतच वारले. इकडे कागदोपत्रीं ते ‘बेपत्ता’. हा शब्द घरच्या माणसांस मृत्यूच्या तारेहून अधिक छळतो. मृत्यूच्या बातमीनें रडतां तरी येतें; बेपत्ता माणसाचें ताट मांडावें कीं न मांडावें, हेंही कळत नाहीं. युद्ध थांबल्यानंतर पुष्कळ शोध होऊन त्यांच्या थडग्याचा ठाव लागला. आज तें फ्रान्सच्या सॉम भागांत हाँगार येथील स्मशानभूमींत आहे.

ही हकीकत आम्हीं एका रात्रीं जेवणानंतर घरांत वाचून दाखविली. आमच्या थोरल्या वहिनींस विमानांत बिलकूल रस नाहीं. त्या सुपारी कातरीत ऐकत होत्या. इंद्रलालच्या पराक्रमावर त्या कांहीं बोलल्या नाहींत. वेलिणकरांचें ऐकल्यावर मात्र आडकित्ता थांबवून म्हणाल्या,

“भावोजी, ज्येष्ठ वद्यांत गेला म्हणतां, पण कळलें नंतर. तिथि कुठली धरायची अशाची?”

आम्हीं शास्त्राचा आधार काढून सांगूं लागलों कीं, परदेशीं जाऊन ज्याची वार्ता लागत नाहीं त्याची बारा वर्षें वाट पाहावी, मग पळसाच्या पानांचा देह करून—

“तें मला ठाऊक आहे,” वहिनी म्हणाल्या. “ती बारा वर्षें आईनें कशीं काढायचीं, तें शास्त्रांत लिहिलंय का?”

आम्ही गप्प बसलों. पुतण्या विचारूं लागला कीं, लढाईंत मेलेल्यांचें वेगळें कांहीं असतें का. तेव्हां वहिनींनींच त्यास सांगितलें कीं, असतें. भाद्रपद वद्य चतुर्दशी ही शस्त्रानें गेलेल्यांची, तिला घातचतुर्दशी म्हणतात. आणि तर्पणांत ज्यांना कोणी नाहीं अशांच्या नांवानेंही एक ओंजळ सोडावयाची असते. त्यानें आणखी विचारलें कीं, इंग्रजांकडून लढलेल्यालाही चालतें का. आमचे थोरले बंधु राष्ट्रीय वृत्तीचे. त्यांनीं वर्तमानपत्रामागून “नाहीं” असें म्हटलें. वहिनी म्हणाल्या, “पाण्याला निशाण नसतं.” आणि पुन्हां सुपारी कातरूं लागल्या. बंधूंनीं वर्तमानपत्र खालीं ठेविलें नाहीं, पण उत्तरही दिलें नाहीं.

त्या युद्धानंतर ब्रिटिश सरकारनें एक नियम केला होता, तो न्याय्य होता असें आम्हांस वाटतें. परदेशांत पडलेल्या कोणाचाही देह घरीं न्यावयाचा नाहीं, मग तो सरदाराचा मुलगा असो कीं शेतकऱ्याचा. आणि सर्वांच्या शिळा एकाच आकाराच्या. घरच्यांस मोकळीक एवढीच कीं, शिळेच्या पायथ्याशीं आपल्या पसंतीचे शब्द कोरून घ्यावेत. तेही मोजून सहासष्ट अक्षरांच्या आंत. सहासष्ट अक्षरांत आपल्या मुलाविषयीं काय सांगावें, हा प्रश्न त्या वर्षांत हजारों घरांतून पडला असेल.

इंद्रलालची शिळा एस्तव्हेल येथें आहे. तिच्यावर बंगालींत कोरलें आहे. अर्थ असा कीं, ही महावीराची समाधि आहे, मान राखा, स्पर्श करूं नका. फ्रान्सच्या त्या खेड्यांत तें वाचूं शकणारा मनुष्य वर्षानुवर्षें फिरकत नसेल, तरी आईबापांनीं तें आपल्या अक्षरांत लिहविलें. वेलिणकरांच्या शिळेवरील शब्द इंग्रजी आहेत, आणि त्यांत त्यांस साम्राज्याच्या अत्यंत शूर पुत्रांपैकीं एक म्हटलें आहे. पहिल्यानें हें वाचलें तेव्हां आम्हांस वाईट वाटलें, हें कबूल करतों. ज्या साम्राज्याच्या गव्हर्नरानें त्याच महिन्यांत मुंबईच्या सभेंत लोकमान्यांचें तोंड बंद केलें, त्याचें पुत्रत्व मुंबईच्या मुलाच्या उशाशीं कायमचें कोरलेलें असावें! बंधूंचेंही म्हणणें तेंच. परंतु पुढें विचार करतां आम्हांस दुसरेंही एक दिसूं लागलें. ज्याला वंशावरून सनद नाकारण्याचा दंडक होता, त्याला पुत्र म्हणावयास लावणें, आणि शूरांत शूर असें दगडावर लिहून घेणें, यांत एक प्रकारचा दावाही आहे. हे शब्द निवडणाराच्या मनांत काय होतें तें दगड सांगत नाहीं. बंधूंस आमचा हा युक्तिवाद पटलेला नाहीं, व त्यांस तो पटेल अशी आम्हांस आशाही नाहीं.

मलिक यांना दीर्घ आयुष्य लाभलें. सिव्हिल सर्व्हिसमध्यें त्यांनीं नोकरी केली, पतियाळा संस्थानचे मुख्य प्रधान झाले, स्वतंत्र हिंदुस्थानचे पहिले हायकमिशनर म्हणून कॅनडांत गेले, आणि १९४९ पासून १९५६ पर्यंत फ्रान्समध्यें आमचे वकील होते. ज्या देशानें त्यांस विमान द्यावयाची तयारी प्रथम दाखविली, त्याच देशांत ते स्वतंत्र राष्ट्राचे प्रतिनिधि म्हणून राहिले. पायांत गोळ्या घेऊन ते म्हातारपणींही गोल्फ खेळत. १९८५ च्या ऑक्टोबरांत, नव्वदाव्या वर्षीं, ते वारले. चौघांपैकीं आपली हकीकत स्वतःच्या तोंडानें विस्तारानें सांगणारे तेवढेच.

हल्लीं आमच्या वाचकांच्या घरांतून मुलेंबाळें युरोपास शिकावयास व फिरावयास वरचेवर जातात, आणि पॅरिस पाहून परत येतात. पॅरिसच्या उत्तरेस आमियें शहर आहे. हाँगार गांव त्याच्या आग्नेयेस. गांव लहान आहे व स्मशानभूमि गांवाच्या स्मशानाला लागूनच. अशा स्मशानभूमींच्या दाराशीं बहुधा एक धातूची पेटी बसविलेली असते व तींत नांवनिशीची यादी आणि येणारांच्या सह्यांसाठीं एक वही ठेविलेली असते. सही मराठींत केली तरी चालते.